स्विचिंग कार्ड घेताना मी फक्त '२ ॲम्पिअर' वाचलं आणि तिथेच फसलो

पीएक्सआय (मोजमापाची कार्डं एका डब्यात लावून टेस्ट मशीन बनवायची पद्धत) म्हणजे काय, चॅसीत (म्हणजे त्या डब्यात) कंट्रोलर कुठे बसतो, डीएमएम (डिजिटल मल्टिमीटर) कार्ड काय करतं हे तुम्हाला माहीत असणारच, नसेल तर आठवड्याभरात कळेल, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. १९९७ साली नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने हे आणलं, पुढच्या वर्षी ते सांभाळणारी कंपन्यांची अलायन्स झाली, आणि आज भोसरी-चाकण पट्ट्यात ईसीयू (गाडीतला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट) टेस्टर बनवणाऱ्या ज्या कंपनीत जाल तिथे हे तीन-यू उंचीच्या कार्डांचे डबे दिसतात. डीएमएम, पॉवर सप्लाय, कॅन कार्ड (गाडीतल्या कॅन नेटवर्कशी बोलणारं) हे निवडताना सगळे चार-चार मीटिंगा घेतात. स्विचिंग कार्ड (रिलेंचं कार्ड; रिले म्हणजे कॉइलने कॉन्टॅक्ट उघडबंद करणारा स्विच) मात्र शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, 'अरे एक रिले कार्ड पण टाक त्यात' असं म्हणून टाकलं जातं. मीही तसंच टाकलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मशीनवर ४ नेस्ट (पीस ठेवायच्या जागा), प्रत्येकात एक ईसीयू, सगळ्यांना मिळून एकच प्रोग्रामेबल सप्लाय, १३.५ व्होल्ट. रिले कार्डाचं काम इतकंच की एका वेळी एका नेस्टला केएल३० (कायम बॅटरीची लाइन) द्यायचं, टेस्ट झाली की काढायचं, पुढच्याला द्यायचं. ईसीयू घेतो ४०० मिलिॲम्पिअर. कार्डाच्या डेटाशीटवर ३०० व्होल्ट, २ ॲम्पिअर, ६० वॉट. मी हिशोब केला, करंटला पाचपट मार्जिन, पॉवर ५.४ वॉट म्हणजे तिथे तर अकरापट. सीनियरला दाखवलं, त्यांनी मान डोलावली, झालं. (हे तीन आकडे एकत्र मिळत नाहीत एवढं तरी मला तेव्हा माहीत होतं. ३०० व्होल्टला ६० वॉट म्हणजे फक्त ०.२ ॲम्पिअर. बरेच जण इथेच पहिली आपटी खातात, मी दुसऱ्या पायरीवर खाल्ली.)

आमच्याकडची ट्रायल मस्त झाली, मशीन कस्टमरकडे गेलं. तीन आठवड्यांनी फोन, २ नंबर नेस्टला स्लीप करंट (ईसीयू झोपलेला असताना घेतो तो) फेल येतोय. लिमिट १ मिलिॲम्पिअर आणि रीडिंग येतंय शेकड्यात. आम्ही २ नंबरच्या मागे लागलो. पोगो पिन बदलल्या, हार्नेस बदलला, ग्राउंड नवीन ओढला, मग म्हटलं ईसीयूचा लॉटच खराब असेल, त्यावरून कस्टमरच्या क्वालिटीवाल्याशी वादही घालून झाला. दोन दिवस तोंडाला फेस. सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर १ नंबरचा रिले 'ओपन', २ नंबरचा 'क्लोज', सगळं जसं हवं तसंच.

शेवटी लाइनवरचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, एक नंबरला पीस नसला ना, की दोन नंबर पास होतो."

मी मीटर घेऊन १ नंबरच्या 'ओपन' रिलेवर लावला. ०.२ ओहम. कॉन्टॅक्ट चिकटलेला. म्हणजे २ नंबरचा स्लीप करंट मोजताना १ नंबरचा ईसीयू पण त्याच सप्लायवर जागा बसलेला आणि त्याचा करंट ह्याच्या नावावर चढत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. कार्ड बाहेर काढून त्या रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केलं तर टक्क करून सुटला! मला वाटलं झालं काम. तासाभराने परत चिकटला.

आता इथे मी जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तुम्हाला जे 'ओपन' सांगतो ते कॉइलबद्दल असतं, कॉन्टॅक्टबद्दल नाही. सॉफ्टवेअरने कॉइलचा करंट काढला, त्याच्या लेखी रिले उघडला. आत कॉन्टॅक्ट वितळून बसलाय हे बहुतेक कार्डांना कळायला काही मार्गच नसतो. त्यामुळे स्क्रीनवर बघून रिले ठीक आहे असं कधीच म्हणू नका, ते मीटरच सांगणार.

आणि चिकटला का? ईसीयूच्या इनपुटला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात, आमच्याकडे ४७० मायक्रोफॅरडचे दोन. रिकामा कॅपॅसिटर म्हणजे पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टच. मी काय करत होतो, सप्लाय १३.५ वर चालूच ठेवून रिले क्लोज करत होतो. वायर, कनेक्टर, कॉन्टॅक्ट सगळं मिळून रस्त्याचा रेझिस्टन्स ०.३ ओहमच्या आसपास, म्हणजे १३.५ भागिले ०.३, ४५ ॲम्पिअर! वायरचं इंडक्टन्स धरलं तर थोडं कमी होईल, पण ज्या कॉन्टॅक्टवर २ लिहिलंय त्याच्यासाठी ३० काय आणि ४५ काय. हे सगळं मिलिसेकंदाच्या आत संपतं म्हणून साध्या मीटरवर दिसत नाही, मीटर बिचारा शांतपणे ४०० मिलिॲम्पिअर दाखवतो. त्यात कॉन्टॅक्ट बंद होताना एकदा बसत नाही, दोन-चारदा उसळतो, प्रत्येक उसळीला ठिणगी, धातू वितळतो, आणि शेवटच्या वेळी बसतो तेव्हा वितळलेलाच थिजतो. झाला टाका.

"पण मी सप्लायला करंट लिमिट १.५ ॲम्पिअर लावली होती की!" हे मी स्वतः मीटिंगमध्ये बोललोय, म्हणून सांगतो. लिमिट सप्लायच्या कंट्रोल सर्किटची असते. सप्लायच्या आउटपुटला स्वतःचे मोठे कॅपॅसिटर असतात, ते भरलेले असतात, आणि लिमिट जागी होईपर्यंत ते सगळं ओतून मोकळे होतात. लिमिट तुमच्या पीसला वाचवेल, रिलेला नाही.

उपाय फुकटचा होता ह्याचंच जास्त वाईट वाटलं. कोल्ड स्विचिंग. सप्लाय बंद, रिले क्लोज, १० मिलिसेकंद थांबा, मग सप्लाय चालू. काढताना उलटं, आधी सप्लाय बंद, व्होल्टेज खाली आलं का ते मोजा, मग रिले ओपन. मला हे माहीत नव्हतं असं नाही हो, पहिल्या व्हर्जनमध्ये मी तसंच लिहिलं होतं. पण कस्टमर सायकल टाइमवरून मागे लागला होता, सप्लाय चालू-बंद करण्यात दर नेस्टला ४०० मिलिसेकंद जात होते, चार नेस्टचे १.६ सेकंद, ते वाचवायला मी सप्लाय चालूच ठेवला आणि वर शाबासकी पण घेतली. नंतर तेच १.६ सेकंद बारकोड स्कॅन समांतर टाकून मिळाले, जे आधीच सुचायला हवं होतं.

हॉट स्विचिंगला (सप्लाय चालू असतानाच रिले हलवायला) पर्यायच नसेल तर प्रीचार्ज ठेवा. १० ओहमचा रेझिस्टर दुसऱ्या रिलेतून, पहिला धक्का १.३५ ॲम्पिअरवर येतो, ९४० मायक्रोफॅरडला ५० मिलिसेकंदात काम होतं, मग मेन रिले. फक्त हे केएल१५ (इग्निशनची लाइन) द्यायच्या आधी करा, ईसीयू जागा झाला आणि ४०० मिलिॲम्पिअर ओढायला लागला तर त्या रेझिस्टरवरच ४ व्होल्ट पडतील.

हे वाचून घाबरायचं कारण नाही. कार्ड निवडणं खरंच अवघड नाही, फक्त कॅटलॉग उघडायच्या आधी कागदावर प्रत्येक सिग्नल लिहा, व्होल्टेज किती, चालू करंट किती, पहिल्या क्षणाचा करंट किती, लोड कॅपॅसिटिव्ह की मोटर-सोलेनॉइड सारखा इंडक्टिव्ह (मग उघडताना मार बसतो, तिथे डायोड लागतो), आणि दिवसातून किती वेळा. शेवटचं कुणीच लिहीत नाही. समजा दिवसाला ९०० पीस आणि एक रिले दर पीसला १२ वेळा हलतो, म्हणजे रोज १०,८००. पूर्ण लोडवर आयुष्य १ लाख ऑपरेशन लिहिलं असेल तर तो रिले दहा दिवसांचा पाहुणा. तोच रिले नाममात्र लोडवर, समजा १० कोटी, तर पंचवीस वर्षं. डेटाशीटमध्ये मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापतात ते सांगायला नको.

रिलेचा प्रकार थोडक्यात: रीड रिले फास्ट, अर्ध्या मिलिसेकंदात काम करतो, काचेच्या नळीत सीलबंद, मोजमापासाठी उत्तम, पण कॉन्टॅक्ट नाजूक, वर सांगितलेला इनरश (पहिल्या क्षणाचा करंट) त्याला दिला तर तो आमच्याइतके तीन आठवडेही काढणार नाही. इलेक्ट्रोमेकॅनिकल दणकट, पण काही मिलिसेकंद घेतो. सॉलिड स्टेट झिजत नाही, पण उघडा असतानाही थोडा गळतो, म्हणून स्लीप करंटसारख्या मापाला जपून.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नाही: छोट्या सिग्नलच्या रिलेवर सोन्याचा मुलामा असतो. त्यातून एकदा दणकट लोड नेला की मुलामा जळतो, नंतर त्यावर मिलिव्होल्टचा सिग्नल टाकला की रीडिंग नाचतं. म्हणून 'आज सोलेनॉइडला वापरू, उद्या सेन्सरला' असली काटकसर नको. थर्मोकपल असेल तर थर्मल ईएमएफचा (तापमानातल्या फरकाने रिलेतच तयार होणाऱ्या व्होल्टेजचा) आकडा बघाच, के टाइप डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं, कार्डाने १० मायक्रोव्होल्ट खाल्ले तर पाव डिग्री गेली. अर्ध्या ओहमचा हार्नेस मोजायचा असेल तर टू-वायर मल्टिप्लेक्सर (एक मीटर आळीपाळीने अनेक पॉइंटना जोडणारं कार्ड) घेऊ नका, रिलेचा रस्ताच तेवढा असतो, फोर-वायर घ्या, त्यात रस्त्याचा रेझिस्टन्स मापात येत नाही.

मॅट्रिक्सबद्दल (आडव्या-उभ्या लाइनींच्या प्रत्येक छेदावर रिले असलेलं कार्ड) माझं मत जरा तिखट आहे. नवीन माणूस प्रत्येक ठिकाणी मॅट्रिक्स मागतो, कारण '८ बाय १६ आहे, काहीही कशालाही जोडता येतं.' हो, काहीही कशालाही, दोन सप्लाय एकमेकांना पण! १२८ क्रॉसपॉइंटपैकी २० वापरणार आणि पैसे सगळ्यांचे भरणार. एक डीएमएम आणि चाळीस पॉइंट असतील तर मल्टिप्लेक्सर पुरे. कुठलं इन्स्ट्रुमेंट कुठल्या पिनवर जाणार हे खरंच ठरलेलं नसेल तर मॅट्रिक्स घ्या, विचार करायचा कंटाळा आलाय म्हणून नको.

आता 'गाइड' करणाऱ्यांबद्दल. माझे सीनियर वाईट नव्हते, पण त्यांचा सल्ला नेहमी एकच, जुन्या प्रोजेक्टचा बीओएम (मालाची यादी) उचल. जुन्या प्रोजेक्टमध्ये लोड दिवा होता की ईसीयू हे बीओएममध्ये लिहिलेलं नसतं. मला खरं शिकवलं ते पॅनल वायरिंग करणाऱ्या काकांनी, डिग्री नाही, पण रिलेचा आवाज ऐकून सांगायचे की हा आता जाणार. अशा माणसाला चहा पाजत जा. व्हेंडरच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरला 'हे कार्ड चालेल का' विचारू नका, तो हो म्हणतो, आणि खोटंही बोलत नाही, त्याला तुमचा कॅपॅसिटर माहीतच नसतो. '९४० मायक्रोफॅरड, १३.५ व्होल्ट, हॉट, रोज इतक्या वेळा' असं लिहून मेल करा, मग बघा उत्तर किती सावध येतं.

त्या प्रकरणानंतर आम्ही प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला, पीस लावायच्या आधी, सगळे रिले ओपन करून प्रत्येकाच्या आरपार डीएमएमने रेझिस्टन्स मोजायला लागलो. काही सेकंदांचं काम आहे. ओपन रिलेवर मीटरने ओव्हरलोड (मापाबाहेरचा रेझिस्टन्स) दाखवायला हवं, ओहम दिसले की मशीन पुढे जात नाही. पिकरिंग कंपनीच्या कार्डांना रिले तपासायचं ईबर्स्ट नावाचं तयार साधन मिळतं, एनआयच्या (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या) बऱ्याच कार्डांवर रिले किती वेळा हलला तो काउंट वाचता येतो, पण काउंट म्हणजे तब्येत नाही हे लक्षात ठेवा, आमचा चिकटलेला रिले काउंटच्या हिशोबाने अगदी तरुण होता.

हां, आणि कार्डाच्या पीओमध्येच (खरेदी ऑर्डरमध्ये) समोरचा कनेक्टर आणि केबल टाका. ७८ पिनचा डी-सब असेल तर निदान बाजारात मिळतो, दाट पिनांचे कनेक्टर बाहेरून मागवावे लागतात. आमचं दुसरं कार्ड चॅसीत बसून होतं आणि कनेक्टरसाठी आम्ही सहा आठवडे बसून होतो.