सँटोरिनीची फावा: घोटायची कशी

मी भंडाऱ्याची, लाखोळीच्या डाळीवर वाढलेली. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर पिर्गोस गावात खोली घेऊन राहत होते, तेव्हा घरमालकीण आजींनी पहिल्याच दिवशी बशीभर पिवळं, घट्ट घोटलेलं वरण पुढे केलं. एक घास घेतला आणि आईचं स्वयंपाकघर आठवलं. ही फावा. तिचं झाड आपल्या लाखोळीच्याच कुळातलं आहे: शास्त्रीय नावांत आपली लॅथिरस सॅटायव्हस, त्यांची लॅथिरस क्लायमेनम.

नावावरून फसू नका. दुकानात ‘फावा बीन्स’ म्हणून मिळणारा मोठा चपटा दाणा निराळा. ही बारीक पिवळी डाळ, आणि बेटावर ती फार जुनी आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या आक्रोतिरी या बेटावरच्या प्राचीन वस्तीतल्या रांजणांतही तिचे दाणे सापडले. पाऊस अगदी थोडा पडतो. सच्छिद्र माती हवेतला ओलावा धरून ठेवते, तेवढ्यावर पीक उभं राहतं. म्हणून ती महाग असते, आणि त्या किमतीबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

चार जणांसाठी पाव किलो डाळ निवडून धुवा. भिजवू नका. जाड बुडाच्या पातेल्यात लिटरभर पाण्यात चढवा. उकळी आली की वर फेस येईल, तो झाऱ्याने सगळा काढून टाका. यात आळस केलात तर चव कडवट राहते. फेस थांबला की एक कांदा चिरून घाला, आंच मंद करा. पाऊण तास तरी लागतो. कुकर लावू नका, कारण फेस आतच राहतो. शेवटची पंधरा मिनिटं पातेल्यापासून हलू नका, डाळ बुडाला धरते. मीठ अगदी शेवटी.

मग रवीने घोटा आणि घोटताना ऑलिव्ह तेलाची धार सोडा. पातळ वाटली तरी घाबरू नका, निवताना ती पिठल्यासारखी आळते. कोमट असतानाच वाढा: वर कच्चा कांदा, लिंबू, केपर्स (एका झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या) आणि आणखी तेल. तिथले केपर्स दगडी भिंतींच्या फटींत उगवतात. नुसते खारवलेले असतील तर आधी पाण्यात भिजवून मीठ उतरवा.

हात फोडणीकडे जाईल, माझाही गेला. आजींनी हिंग-मोहरीची ती वाटी चाखली, मान डोलावली आणि साधी वाटी पुन्हा जवळ ओढली. त्यांचं बरोबर होतं. या डाळीचा गोडसर वास हिंगाखाली दबतो.

इथे फावा मिळाली नाही तर पिवळ्या वाटाण्याची डाळ घ्या. ग्रीसमध्ये इतरत्र बहुतेक तीच शिजते. लाखोळीनेही जमतं, पण ती अधूनमधूनच खावी. दुष्काळात महिनोन्महिने फक्त तिच्यावर राहिलेल्यांचे पाय लुळे पडलेत.

उरलेली फावा दुसऱ्या दिवशी वडीसारखी घट्ट होते. त्यात बारीक कांदा, पुदिना आणि मूठभर कणीक मिसळून चपटे वडे थापा, गरम तेलात तळा. तिथे टोमॅटोचेही असेच वडे करतात, बेटावरच्या छोट्या, जाड सालीच्या टोमॅटोंचे. मला मात्र फावाचेच आवडतात, सोबत कच्चा कांदा हवा.