विषम मात्रांत बेस गिटार कशी वाजवावी

पाच, सात किंवा अकरा मात्रांच्या रचनेत बेस वाजवायला उभा राहिलेला नवा वादक बहुतेक वेळा मनातल्या मनात आकडे मोजू लागतो आणि तिथेच त्याची लय अडखळायला सुरुवात होते. मोजणाऱ्याचे लक्ष सतत पुढच्या आकड्याकडे असते. स्वर किती वेळ टिकला, तो केव्हा तोडला, ड्रमरची किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) आपल्या आधी पडली की नंतर, हे ऐकायला त्याच्यापाशी सवडच उरत नाही. विषम मात्रांचे दोनांचे आणि तिनांचे खंड करून ते अंगात मुरवावेत आणि आकडे विसरून जावेत, असे माझे ठाम मत आहे. गोव्यातल्या मराठी मुलांना हे काम वास्तविक सोपे जायला हवे, कारण नाट्यपदांतून, भजनांतून आणि तबल्याच्या शिकवणीतून सात मात्रांचा रूपक व दहा मात्रांचा झपताल त्यांच्या कानांवरून कितीदा तरी गेलेले असतात. तरीही हातात बेस आली की तीच मुले हे सगळे बाजूला ठेवून ‘वन, टू, थ्री’ मोजू लागतात, याचे मला नवल वाटते.

पहिली पायरी स्वरांशिवायची आहे. डाव्या हाताची बोटे चारही तारांवर हलकी टेकवून तारा पूर्ण मुक्या कराव्यात, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवावा आणि उजव्या हाताने नुसते आघात करत तोंडाने बोल म्हणावेत. तबल्याचे बोल येत असतील तर उत्तमच. नाही तर दोनाच्या खंडाला ‘तक’ आणि तिनाच्या खंडाला ‘तकिट’ म्हटले तरी पुरते. सात मात्रा ‘तकिट तक तक’ अशाही होतात आणि ‘तक तक तकिट’ अशाही. बेरीज एकच असली तरी या दोन निराळ्या चाली आहेत, म्हणून नवी रचना हाती आल्यावर मात्रा किती हे विचारण्याआधी मोठा खंड कुठे आहे ते विचारावे. आपला रूपक ३+२+२ असा चालतो, तर बल्गेरियातले ‘राचेनित्सा’ हे जलद लोकनृत्य २+२+३ असे. एकाच्या सवयीने दुसरे वाजवणारा बेसवादक समेवर (आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीच्या, पहिल्या मात्रेवर) ड्रमरला भेटतो खरा, पण मधल्या प्रत्येक आघाताला त्याच्याशी भांडत राहतो.

खंड चुकला तर काय होते हे पाहायला विषम तालच हवा असे नाही. गोव्यातल्या कोकणी गीतप्रकारांपैकी संथ मांडो संपून जलद दुलपद सुरू झाले की लय ६/८ ची होते, म्हणजे सहा मात्रा तीन-तीनच्या दोन झोक्यांत येतात, आणि बेस पहिल्या व चौथ्या मात्रेवर पडावी लागते. तिथे कोणी दोन-दोनचे तीन खंड करून पहिली, तिसरी आणि पाचवी मात्रा धरली, तर एकही मात्रा कमी-जास्त न होता गाणे लंगडू लागते. ज्याला हा फरक पायांत जाणवतो त्याने सातकडे वळावे. ज्याला तो अजून जाणवत नाही त्याने आधी दादरा आणि दुलपद यांवर बेस धरावी.

आता सात. याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण इथे तबल्याचे सात आणि ड्रमसेटचे सात यांत मोठे अंतर आहे. रूपकाचा ठेका ‘ती ती ना, धी ना, धी ना’ असा आहे आणि त्याची पहिली मात्रा सम असूनही खाली (टाळी न देता मोकळी सोडायची जागा) आहे. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा) घुमारा नसतो. तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवरच्या ‘धी’ला येतो. पाश्चात्त्य धाटणीच्या ७/४ मध्ये याच्या उलट पहिली मात्रा बहुधा सर्वांत वजनदार असते. रॉक ऐकून शिकलेला बेसवादक तबल्याच्या शेजारी बसतो आणि रूपकाच्या पहिल्याच मात्रेवर जाड तारेचा खर्ज स्वर ठोकतो, तेव्हा तबलजी मान वळवून बघतो, आणि त्याचे बघणे रास्त असते, कारण तालाने मुद्दाम राखलेली पोकळी बेसने बुजवून टाकलेली असते.

तबल्याबरोबर रूपक वाजवताना मी अशी रचना सुचवीन. पहिल्या मात्रेवर वरच्या सप्तकातला षड्ज हलका आणि आखूड वाजवावा व दुसरी आणि तिसरी मात्रा मोकळी सोडावी. चौथ्या मात्रेवर खालचा षड्ज घेऊन तो पाचवी मात्रा संपेपर्यंत टिकवावा. सहाव्या मात्रेवर त्याच्याही खालचा पंचम घ्यावा आणि सातव्या मात्रेच्या उत्तरार्धात तो तोडून समेपूर्वी श्वासाएवढी जागा ठेवावी. षड्ज डी धरला तर खालचा षड्ज ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर, पंचम ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर आणि वरचा षड्ज जी तारेच्या सातव्या फ्रेटवर मिळतो, म्हणजे हात जागेवरून हलवावाच लागत नाही. इतके साधे वाजवून कंटाळा येत असेल तर तो येऊ द्यावा. गायकाला मात्र याच साधेपणाचा आधार वाटतो.

ड्रमसेटबरोबरच्या सातमध्ये ही रचना उलटी करून पहिल्या मात्रेला खालचा षड्ज द्यावा. ‘पिंक फ्लॉइड’चे १९७३ चे ‘मनी’ हे गाणे या संदर्भात ऐकण्यासारखे आहे. त्याची मुख्य बेसओळ सात मात्रांची आहे, परंतु गिटारच्या सोलोसाठी बँड चार मात्रांवर येतो आणि नंतर पुन्हा सातवर जातो. विषम मात्रा हे व्रत नव्हे. गाण्याच्या एखाद्या भागाला चार मात्रा शोभत असतील तर तिथे चारच वाजवाव्यात. सगळी रचना सातमध्येच राहिली पाहिजे, हा आग्रह मला तरुण बँडमध्ये फार दिसतो आणि तो बहुधा श्रोत्यांपेक्षा इतर वादकांसाठी धरलेला असतो.

झपतालाबद्दल थोडक्यात सांगतो. ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’ या ठेक्यात खाली सहाव्या मात्रेवर येते, तेव्हा पहिल्या पाच मात्रांत बेस भरीव ठेवून सहाव्या आणि सातव्या मात्रेला ती पातळ करावी आणि आठव्यापासून पुन्हा वजन द्यावे. ५/४ ची पुष्कळशी पाश्चात्त्य गाणी ३+२ अशी चालतात आणि झपताल २+३ असा, एवढे भान ठेवले की पाचाचा निम्मा गोंधळ मिटतो.

कोणते स्वर निवडावेत यावर शिकाऊ वादक फार वेळ घालवतात. माझ्या अनुभवात स्वर किती लांब ठेवायचा हा निर्णय त्याहून महत्त्वाचा असतो. या बाबतीत गोव्यातल्या बेसवादकाने घुमटवादकाचा डावा हात नीट पाहावा. मातीच्या या वाद्याच्या एका तोंडावर चामडे ताणलेले असते आणि दुसरे तोंड उघडे असते. त्या उघड्या तोंडावर तळवा कमी-जास्त दाबून वादक घुमारा मोकळा सोडतो किंवा गिळून टाकतो. चतुर्थीच्या आरत्यांत शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे या झांजा यांच्या गजरातही घुमटाची लय ठळक ऐकू येते, त्यात आघाताइतकाच वाटा या सोडण्या-गिळण्याचा आहे. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. बेसवादकांसाठी ते शिक्षकही आहे. हेच तत्त्व बेसवर आणताना दोनाच्या खंडातला स्वर आखूड ठेवावा आणि तिनाच्या खंडातला पूर्ण तीन मात्रा लांबवावा. असे केले की मोठा खंड कुठे आहे ते श्रोत्याला कोणी न सांगता कळते. याउलट तिसऱ्या मात्रेवर एखादा भरीचा स्वर टाकला तर ती मात्रा चुकून जास्त पडल्यासारखी वाटते. भरीचे स्वर टाकायचेच असतील तर रचना सर्वांच्या अंगवळणी पडल्यानंतर टाकावेत, आणि तेही मुक्या तारेवर.

उजव्या हाताची एक अडचण पुस्तकी धड्यांत क्वचितच सापडते. तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालवणारा वादक सात सलग आघात करतो, तेव्हा पहिल्या आवर्तनाची सम तर्जनीवर येते आणि दुसऱ्याची मध्यमेवर. दोन्ही बोटांची ताकद सारखी नसेल तर एकाआड एक आवर्तनात सम कमजोर पडते आणि लय हलल्याचा भास होतो. यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक खंडाची सुरुवात तर्जनीने करावी, म्हणजे तिनाचा खंड संपल्यावर तर्जनी लागोपाठ दोनदा येईल. किंवा दोन्ही बोटांनी सम सारख्याच वजनाने पडेपर्यंत सावकाश सराव करावा. मंद लयीत मला पहिला उपाय आवडतो, पण द्रुत लयीत तो साथ देत नाही. ‘मोटाउन’ या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरत असे, हे ऐकून तेच करू पाहणाऱ्यांनी आधी आपले मनगट आणि आपली लय तपासावी.

मेट्रोनोमचा उपयोगही टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावा. सुरुवातीला प्रत्येक मात्रेवर ठोका असावा, नंतर फक्त खंडाच्या आरंभी आणि शेवटी फक्त समेवर. मिनिटाला १४० मात्रांच्या लयीत सात मात्रांची सम मिनिटाला २० वेळाच येते. चावीचे साधे मेट्रोनोम ४० च्या खाली जात नाहीत, त्यामुळे या टप्प्यासाठी मोबाइलवरचे मेट्रोनोम घ्यावे लागते. त्या दोन ठोक्यांमधल्या शांततेत स्वतःची लय धावते की रेंगाळते, हे पुष्कळांना प्रथमच कळते.

हे पक्के झाल्यावर दोन खेळ करून पाहावेत. पहिला तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचा: पाच मात्रांचा असा तुकडा बांधावा की त्याचा शेवटचा स्वर पाचव्या मात्रेवर पडेल, आणि तो समेपासून सलग तीनदा वाजवावा. पंधरावी मात्रा म्हणजे सातची दोन आवर्तने संपून येणारी सम, त्यामुळे तिहाई आपोआप जागेवर उतरते. झपतालात हेच सात मात्रांच्या तुकड्याने साधते, कारण एकविसावी मात्रा तिसऱ्या आवर्तनाची सम असते. दुसरा खेळ दोन ताल एकत्र धरण्याचा: पायाने चार मात्रा धरून बेसवर सातची ओळ वाजवावी, २८ मात्रांनी दोन्ही समा पुन्हा एकत्र येतात. दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरणारे म्हणून ज्यांची ख्याती होती, ते लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर गोव्याच्याच भूमीतले. त्यांच्या तुलनेत आपण करतो ते बालवर्गातले आहे, पण मैफलीत ड्रमर आपल्या लहरीने काहीही वाजवू लागला तरी सम न सोडण्याची सवय याच सरावातून लागते.

तरीही रंगमंचावर सम हरवते. अशा वेळी हरवलेली मात्रा शोधण्यासाठी आणखी स्वर वाजवू नयेत. तारांवर दोन्ही हात ठेवून बेस तत्काळ गप्प करावी आणि ज्या वाद्याचा ठेका सर्वांत कमी बदलतो आहे तेवढेच ऐकावे. तबला असेल तर डग्ग्याचा घुमारा जिथे परततो ती जागा, आणि ड्रमसेट असेल तर स्नेअरची ठरलेली जागा हुडकावी. तिनाचा खंड ओळखू आला की त्याच्या पहिल्या मात्रेवर षड्ज वाजवून परत आत यावे आणि पुढची दोन आवर्तने खंडांच्या आरंभाचे स्वर सोडून दुसरे काही वाजवू नये. एक-दोन आवर्तनांची ही शांतता बहुतेक श्रोत्यांना योजून ठेवल्यासारखी वाटते. ड्रमरला मात्र खरे कळलेले असते, म्हणून आत येताना त्याच्याकडे बघावे.