फेन्समध्ये सायकल आणि वॉक: सपाट बघून फसू नका, या चुका टाळा

इंग्लंडमधल्या केंब्रिजला राहायला आलो त्याच्या पहिल्याच महिन्यात एक सेकंडहँड सायकल घेतली आणि ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, की आम्ही सिंहगड चढणारी माणसं, तुमच्याकडे तर धड एक टेकडी नाही, जवळच्या ईली शहरात जाऊन संध्याकाळच्या चहाला परत येतो. परत आलो ते रात्री ट्रेनने, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरत होतो. त्यानंतर बरीच वर्षं याच भागात चालतोय, सायकल चालवतोय, आणि इथे येणारे आपले लोक तेच तेच घोळ घालताना बघतोय, म्हणून हे लिहितोय.

फेन्स म्हणजे केंब्रिजच्या उत्तरेला पसरलेला दलदलीचा पट्टा. सतराव्या शतकात व्हर्मायडेन नावाच्या डच इंजिनियरने कालवे खणून यातलं बरंच पाणी काढलं, मग पाणी गेल्यावर खालची काळी पीट माती सुकत आणि बसत गेली, त्यामुळे आज नद्या वर आणि शेतं खाली असा उलटा प्रकार आहे. होम फेनला १८५१ च्या सुमारास जमिनीत पूर्ण गाडलेला एक लोखंडी खांब आता सुमारे चार मीटर वर आलाय, म्हणजे खांब तिथेच आहे, जमीन खाली गेलीय. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढच्या जवळपास सगळ्या चुकांचं मूळ यात आहे.

सगळ्यात मोठी चूक, वारा न बघता निघणं

चढ नाही म्हणजे सोपं, असं आपण धरून चालतो. पण इथे ना टेकडी ना झाडी, वारा सरळ येऊन छातीवर बसतो. घाटात कसं, चढ संपला की उतार मिळतो, वाऱ्याला उतार नसतो, तो पंधरा किमी तसाच लागतो. इथे बहुतेक दिवस वारा नैऋत्येकडून येतो आणि ईली केंब्रिजच्या ईशान्येला, म्हणजे जाताना वारा पाठीत. मी त्या दिवशी जाताना खुश, वाटलं आपण काय फिट आहोत, अन् परतायला सायकल वळवल्यावर कळलं की फिट मी नव्हतो, वारा होता.

उपाय एकदम साधा आहे. आदल्या रात्री पाऊस बघता तसा वारा बघा, वेग आणि दिशा दोन्ही. नैऋत्येचा असेल तर केंब्रिजहून निघून ईलीला पोचा आणि परत ट्रेनने या, पंधरा-सोळा मिनिटांचा प्रवास आहे. ईशान्येचा असेल, वसंतात असतो कधीकधी आणि चांगला बोचरा असतो, तर उलट करा, ट्रेनने ईली गाठा आणि सायकलने घरी या. फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी बऱ्याच गाड्यांत फोल्डिंग सोडून दुसरी सायकल घेत नाहीत, ते आधी तपासा, नाहीतर प्लॅटफॉर्मवर बसून राहाल. आणि वाऱ्यात अडकलातच तर हिरोगिरी नको, गियर खाली आणा, ग्रुप असेल तर एकामागे एक चला आणि पुढचा माणूस बदलत राहा.

मॅपवर बोटभर अंतर

ही चूक मी दोनदा केलीय, दुसऱ्यांदा बायकोसोबत, त्यामुळे जास्त लक्षात आहे. फेन्समध्ये अंतर किमीत मोजून उपयोग नाही, पुलांत मोजा. ऊझ वॉशेस हा एरिथपासून डेन्व्हरपर्यंत तीस किमीच्या वर लांब पट्टा आहे, दोन्ही बाजूंना दोन सरळसोट कालवे, जुनी बेडफर्ड नदी १६३७ ची, नवी १६५१ ची, आणि मधलं गवताळ रान हिवाळ्यात मुद्दाम पाण्याखाली जाऊ देतात म्हणजे बाकीचा मुलूख बुडत नाही. या एवढ्या पट्ट्याला ओलांडायच्या जागा बोटावर मोजण्याएवढ्या. आम्हाला वेल्नीचं हंस बघायचं सेंटर गाठायचं होतं, ते पूर्वेच्या काठावर, आणि आम्ही मजेत मेनिया गावाच्या बाजूने पश्चिमेच्या काठावर येऊन उभे. समोर पाणी. बायको काही बोलली नाही, नुसती थर्मास उघडून चहा प्यायली, आणि तेच जास्त लागलं.

त्यात वेल्नीचा रस्ता दर हिवाळ्यात कधी ना कधी पाण्याखाली जातोच. आधी ऑनलाइन सरकारी साइटवर वेल्नीची पाण्याची पातळी बघा, आणि रस्त्यावर पाणी दिसलं की 'एवढंच तर आहे' म्हणून सायकल घालू नका, कडेला खोल चर असतात आणि पाण्याखाली रस्ता कुठे संपतो ते दिसत नाही. केंब्रिज ते सेंट आयव्हज गाइडेड बसवेच्या, म्हणजे फक्त बससाठीच्या रस्त्याच्या, बाजूचा सायकलट्रॅक फॅमिलीसाठी मस्त आहे, डांबरी, गाड्यांचा त्रास नाही, पण फेन ड्रेटन तळ्यांजवळ तोही हिवाळ्यात बुडतो. तिथे सायकल असेल तर मागे फिरा, चालत असाल तर बसने पुढे जा, तळ्यांपाशीच स्टॉप आहे.

मॅपचा दुसरा दगा म्हणजे ड्रोव्ह. ड्रोव्ह हे इथल्या शेतातल्या जुन्या वाटांचं नाव, फोनवर छान रस्ता दिसतो आणि प्रत्यक्षात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि काळा चिखल. ओली पीट माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरली की सायकल फिरतच नाही, मग काडीने उकरत बसायचं. नोव्हेंबर ते मार्च पातळ टायरवाल्यांनी ड्रोव्हच्या नादाला लागूच नये. बाकीच्यांनी हवा थोडी कमी ठेवा, आणि सायकल जाम झालीच तर ढकलू नका, उचला, ढकलत राहिलात की अजून चिखल भरतो.

बांधावर सायकल

नदीच्या बांधावरची पायवाट दिसली की आपल्याला वाटतं इथूनच जावं, नदी दिसते, फोटो येतात. पण इंग्लंडमध्ये फुटपाथ म्हणून नोंदलेल्या वाटेवर सायकल चालवायचा हक्क नसतो, ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेवर, असतो. फेन रिव्हर्स वे ही केंब्रिजपासून किंग्ज लिनपर्यंत सुमारे ८० किमीची वाट चालणाऱ्यांसाठी आहे, वॉटरबीचच्या पुढे तर बांधावर गाई आणि गेट यांतूनच जायचं. केंब्रिज ते ईली ही पायी साधारण २७ किमी पडते. एका दिवसात होते, पण सावली नाही, आणि जुलैत कडेचे नेटल डोक्याएवढे वाढतात. नेटल म्हणजे आपल्या खाजकुयलीची इंग्रज बहीण समजा, हाफ पँट घालून जाल तर रात्रभर आठवण ठेवाल. सोबत कुत्रा असेल तर गाईंपासून लांबून जा, आणि गाई अंगावर आल्याच तर पट्टा सोडून द्या, कुत्रा पळून सुटतो, तुम्ही बाजूला व्हा.

सायकलवाल्यांसाठी खरी वाट लोड्स वे. अँगलसी अॅबीजवळून विकेन फेनपर्यंत साधारण १४ किमी, लोड म्हणजे माणसांनी खणलेले जुने पाण्याचे पाट, ते ओलांडत जायचं. रीच लोडवर २०१० मध्ये चांगला पूल झालाय, बर्वेल लोडवर मात्र सायकल हातात धरून चढावं लागतं, ट्रेलर किंवा जड ई-बाइक असेल तर हा विचार घरीच करा. पंक्चरचं किट न्याच. शरद ऋतूत हॉथॉर्नची कुंपणं छाटतात आणि काटे सगळे रस्त्यावर, अगदी आपल्या बाभळीसारखे. काटा टायरमध्येच राहतो आणि नवी ट्यूबही जाते, त्यामुळे ट्यूब बदलायच्या आधी टायर आतून बोटाने चाचपा. मी एकाच ठिकाणी दोन ट्यूब घालवल्यात.

विकेनला जाऊन घाई

विकेन फेन १८९९ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेकडे आहे, त्यांचं सगळ्यात जुनं राखीव रान. लोक घाम गाळत पोचतात, केक खातात आणि परत फिरतात. असं करू नका. सायकल लावा, जुन्या भागात ती चालतही नाही, आणि लाकडी बोर्डवॉकवरून सव्वा किमीचा फेरा मारा. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती, आधी म्हणाली डोंगर नाही, देऊळ नाही, बघायचं काय, मग बोर्डवॉकवर अर्धा तास चतुर आणि टाचण्या हे उडते किडे बघत बसली. गुडघे दुखणाऱ्यांना ही वाट झेपते. तिथली छोटी लाकडी पवनचक्की पूर्वी पाणी बाहेर काढायची, आता आत सोडते, कारण भोवतालची शेतं खचून हा तुकडाच उंचावर राहिलाय. कोनिक घोड्यांना मात्र काही खायला घालू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

सीझनचंही तसंच. हंस बघायला जूनमध्ये जाणारे मी पाहिलेत. आइसलँडचे हूपर हंस हिवाळ्यात येतात, बर्वेल फेनवर शॉर्ट-इअर्ड घुबडंही हिवाळ्यातच, दुपारी उशिरा उडतात. पण डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, आणि घुबडांच्या नादात अंधार पडला की त्या सरळ रस्त्यांवर दिवे नाहीत, खाली चर आहेत, म्हणून पुढे पांढरा मागे लाल लाइट सायकलवर कायम लावून ठेवा, बॅगेत नको.

खाण्याचं सांगायचं तर गावं लांब लांब आणि पबची किचन दुपारी मध्येच बंद होतात. अपवेअरला नदीकाठी एक पब आहे, त्याचं नावच 'फाइव्ह माइल्स फ्रॉम एनीव्हेअर, नो हरी इन', कुठूनही पाच मैल, घाई नाही. नाव वाचून हसलो होतो, आता जाताना डब्यात थालीपीठ घेऊन जातो.