एकट्याने पहाटे पन्हाळ्यावर : सज्जाकोठीपर्यंत कसे जावे

एकट्याने पहाटे डोंगर चढून सूर्योदय पाहण्याची इच्छा असलेल्या कोल्हापूरकराने सुरुवात पन्हाळ्यापासून करावी, असे माझे मत आहे. गड शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे आणि त्यावर नांदते गाव असल्यामुळे भल्या पहाटेही वाटेत कोणी ना कोणी भेटते. पश्चिमेकडचे मसाई पठार अधिक मोकळे आणि मोहक आहे, हे मान्य. परंतु तेथे धुके उतरले की चारही दिशा सारख्याच दिसू लागतात, म्हणून ते सोबत असेल त्या दिवसासाठी राखून ठेवावे.

बेत उजेडाच्या हिशेबाने आखावा. कोल्हापुरात जानेवारीच्या मध्यास सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो, तर मेअखेरीस सहाच्या सुमारास. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटे पायाखालचे दगड विजेरीशिवाय दिसू लागतात आणि पूर्वेकडचे खरे रंगही त्याच वेळात असतात. त्यामुळे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी गडाच्या पूर्व तटालगतच्या सज्जाकोठी या जुन्या इमारतीजवळ पोहोचायचे, असे ठरवून मागे मोजत यावे. गडाच्या पायथ्याशी असलेल्या बुधवार पेठेतून चालायला सुरुवात केल्यास नवख्याने चढासाठी तासभर धरावा. पहिल्या एस.टी.वर विसंबून हे गणित जुळेलच असे नाही, त्यामुळे बहुतेक जण दुचाकीने रत्नागिरी रस्त्यावरील वाघबीळमार्गे पेठेपर्यंत जातात. वाट अनोळखी असेल, तर आधी एकदा दिवसाउजेडी तीच फेरी करून वळणे लक्षात ठेवावीत. अंधारात फोनवरचा नकाशा पाहत चालणाऱ्याचे लक्ष पायांकडे राहत नाही.

कपड्यांच्या बाबतीत अनेकांचा अंदाज चुकतो. गड शहरापेक्षा साधारण 400 मीटर उंच असल्यामुळे वर अधिक गारठा असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड झालेली थंड हवा पंचगंगेच्या खोऱ्यात उतरून साचते, आणि म्हणून खरी हुडहुडी भरते ती शिवाजी पूल ओलांडल्यावर उसाच्या पट्ट्यातून गाडी चालवताना. जाड जाकीट त्या प्रवासासाठी ठेवावे, चढ सुरू करण्यापूर्वी ते काढून पिशवीत भरावे आणि वर पोहोचताच, घाम थंड होण्याआधी, पुन्हा अंगात घालावे. हीच साचलेली हवा खोऱ्यात धुके धरते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कोठीच्या बाजूने खाली पांढरा थर आणि समोर जोतिबाचा डोंगर असे दृश्य मिळण्याची शक्यता अधिक असते.

सज्जाकोठी ही आदिलशाही काळातील इमारत गडाच्या पूर्वेकडील तटालगत आहे आणि शिवकाळात संभाजी महाराजांचे वास्तव्य येथे होते. ती संरक्षित वास्तू असल्यामुळे आत जाण्याच्या वेळेचा आग्रह धरू नये. बाहेरच्या मोकळ्या जागेतूनही पूर्व दिशा दिसते. छायाचित्रासाठी तटावर चढणे मात्र पूर्णपणे टाळावे, कारण दवाने ओल्या झालेल्या जांभ्यावर बूट घसरतात आणि एकट्या माणसाला हात देणारे जवळ कोणी नसते.

पावसाळ्यात हा बेत करूच नये. दृश्य बहुधा ढगात असते, दगडांवर शेवाळ धरते आणि दरडींचा धोका असतो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तर गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. शिवाजी महाराज 1660 च्या जुलैमध्ये भर पावसात, रात्री, राजदिंडीच्या वाटेने विशाळगडाकडे निसटले हे खरे असले, तरी त्यांच्याबरोबर निवडक मावळे होते, हे एकट्याने निघणाऱ्याने विसरू नये.

या परिसरात गव्यांचा वावर आहे. गवा दिसल्यास जागीच थांबावे, विजेरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर न टाकता सावकाश मागे सरावे आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवावी. पळणे किंवा ओरडणे धोक्याचे ठरते. तटाला आग्या मोहोळ लटकलेले असू शकते, म्हणून उग्र अत्तर लावू नये आणि धूर करू नये.

पिशवीत एक लिटर पाणी, विजेरी, शिट्टी आणि पूर्ण चार्ज केलेला फोन एवढे पुरेसे आहे. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी सांगून निघावे. ती वेळ टळली तर कोणाला फोन करायचा आणि 112 वर काय सांगायचे, हेही घरच्यांना ठाऊक असावे. उतरताना आडवाटेचा मोह टाळून आलेल्या रस्त्यानेच यावे, पावले आखूड टाकावीत आणि गुडघे किंचित वाकवून ठेवावेत. झुणका-भाकरीसाठी थांबायचे ठरले, तर तेवढा उशीर आधी घरी कळवावा.