एलिझाबेथटनचा झाकलेला पूल: निघण्याआधी काय काय बघून घ्याल

टेनेसीतल्या एलिझाबेथटनला डो नदीवर १८८२ साली बांधलेला पांढरा लाकडी पूल आहे, भिंती आणि छपरासकट. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटहून बूनमार्गे गाडीने साधारण अडीच-तीन तासांवर. पण निघण्याआधी पूल, काठची बाग आणि वाटेतले रस्ते चालू आहेत ना, एवढं त्याच आठवड्यात तपासा. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुराने या डोंगराळ भागातले रस्ते आणि पूल वाहून नेले. हा पूल त्यातूनही उभा राहिला, जसा मे १९०१ च्या पुरात राहिला होता, पण आसपास दुरुस्तीची कामं निघू शकतात.

दुसरी तयारी वाचनाची, आणि माझ्या मते खरी तीच. पुलाची लांबी १३४ फूट. नुसतं चालत गेलात तर दोन मिनिटांत पलीकडे पोचाल, आणि बरोबरचं कुणीतरी नक्की म्हणेल, “एवढंच?” म्हणून आत कुठे बघायचं ते ठरवून जा. दोन्ही बाजूंना ज्या कैच्या, म्हणजे पुलाचं वजन पेलणाऱ्या वाशा-सळयांच्या चौकटी दिसतात, ती विल्यम हाऊ यांनी १८४० मध्ये पेटंट घेतलेली रचना. तिरपे लाकडी वासे दाब सोसतात, उभ्या लोखंडी सळया ताण घेतात. लाकूड वाळून आकसलं की सळईच्या टोकाचा नट आवळायचा, कैची पुन्हा घट्ट. एखादी सळई डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत शोधत जा. आत उजेड कमी असतो, तेव्हा मोबाइलची बॅटरी भरलेली ठेवा, टॉर्च लागेल. आणि छप्पर वाटसरूंसाठी नाही, या कैच्यांसाठी आहे. उघड्यावर पावसात भिजणारा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत कुजतो. हा सव्वाशेहून जास्त वर्षं टिकलाय तो छपराच्या आणि वेळोवेळच्या दुरुस्तीच्या जोरावर. मुलांना हे पुलात उभं राहूनच सांगा, चटकन कळतं.

आता पुलावर गाड्या जात नाहीत, त्यामुळे आई-बाबा बरोबर असतील तर त्यांना निवांत चालता येतं. फोटोला शेजारच्या एल्क ॲव्हेन्यूच्या पुलाकडून पूर्ण बाजू मिळते.

बागेसाठी सतरंजी, पाण्याच्या बाटल्या आणि दशम्या-चटणी किंवा थालीपीठं घ्या. गार झाली तरी चालणारं काहीही. बदकं जवळ येतात आणि मुलांचा हात आपोआप पावाकडे जातो. तो आवरा, पावाने त्यांचं पोट भरतं पण पोषण होत नाही. नदी रोन डोंगरातून येते, पाणी गार आणि दगड निसरडे. पकड असलेले बूट, जादा मोजे, एक टॉवेल. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी भराभर चढतं, त्यामुळे ढग दाटले असतील तर मुलांना पात्रात उतरू देऊ नका. उन्हाळ्यात दुपारी वळवासारख्या सरी येतात, छत्री गाडीत नको, हातात असू द्या.

इथे पुलाच्या नावाने उत्सव भरतो. गर्दी, संगीत, खाऊचे ठेले हवे असतील तर तेव्हा या, पूल शांतपणे बघायचा असेल तर ते दिवस टाळा.

एवढ्या लांब आलात तर गावाच्या पश्चिमेला सायकमोर शोल्स हे ऐतिहासिक उद्यान बघाच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७८० च्या सप्टेंबरमध्ये डोंगरापलीकडच्या वसाहतींतले लोक बंदुका घेऊन इथे जमले, इथूनच निघाले आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या फौजेविरुद्ध किंग्ज माउंटनची लढाई जिंकले. प्रवेशाला पैसे नाहीत. पण तिथलं संग्रहालय ठरल्या वेळी बंद होतं, म्हणून सकाळी आधी तिकडे जा, दुपारचं जेवण बागेत करा आणि पूल त्यानंतर. जूनच्या उत्तरार्धात रोन डोंगरावर ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं फुलतात. ते गाठायचं असेल तर मुक्कामाची खोली फार आधी राखून ठेवा.