मृगाआधीचा बोर्डो: तांब्याचा निळा रंग ओळखा

मे सरत आला की गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, सांग्याच्या कुळागरांत (पोफळी-माडांच्या बागांत) एकच घाई असते. पाऊस लागायच्या आत पोफळीच्या घोसांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, बसला पाहिजे. कोळेरोग, म्हणजे सुपारीची बुरशीची कूज, एकदा शिरला की हिरव्या सुपाऱ्यांचा झाडाखाली सडा पडतो, आणि भर पावसात शेवाळलेल्या झाडावर चढायला माणूस मिळत नाही. पहिली फवारणी मृगाआधी, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून. पाऊस लांबला तर तिसरीही घ्यावी.

१ टक्का मिश्रणाचं प्रमाण सगळ्यांना पाठ आहे: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. तरी पानं करपतात, कारण चूक बहुधा पिंपातच झालेली असते.

मोरचुदाचा निळा रंग पाण्यामुळे आहे. चिमूटभर मोरचूद तव्यावर तापवा (हा तवा पुन्हा भाकरीला नको!), ते पांढरं पडेल, थेंबभर पाणी टाकलं की पुन्हा निळं. तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू फेर धरतात, त्यातून हा रंग येतो. असं विरघळलेलं, मोकळं तांबं बुरशीला मारतं, पण कोवळ्या पानालाही जाळतं. चुना त्याला न विरघळणाऱ्या निळसर साक्यात (तळाशी बसणाऱ्या गाळात) बांधून ठेवतो. तो घोसावर चिकटतो आणि पावसाच्या पाण्यात थोडं थोडं तांबं सोडत राहतो. बोर्डोची सगळी करामत या कंजूषपणात आहे.

म्हणून मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये विरवून गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, उलट नको, आणि ओतताना ढवळत राहा. पिंप प्लास्टिकचं हवं. लोखंडी बादलीत लोखंड विरघळतं आणि तांबं बादलीवर बसतं, फवाऱ्यात उरतं काय? हीच गोष्ट परीक्षेला मात्र कामी येते. घासून लख्ख केलेली कोयती मिश्रणात मिनिटभर धरा. तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याची निवळी वाढवा. दुकानात उघड्यावर पडून हवेने मेलेला चुना ‘ताजा’ म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा ही परीक्षा चुकवू नका.

दुसरी चूक म्हणजे एका फवाऱ्यात सगळं उरकणं. बोर्डोत अमोनियम सल्फेट टाकलं तर चुन्यामुळे अमोनिया सुटतो, तो तांब्याला कवटाळतो आणि मिश्रण गडद निळं होतं. दिसायला झकास, पण साक्यातलं तांबं पुन्हा विरघळलेलं असतं. चिलेटेड जस्ताचंही तेच. त्यात जस्ताला धरून विरघळलेलं ठेवणारं ईडीटीए नावाचं रसायन असतं. त्याला जस्तापेक्षा तांबं अधिक प्रिय; ते जस्ताला सोडून तांब्याला धरतं आणि विरघळवतं. सूक्ष्मद्रव्यं वेगळ्या दिवशी द्या.

मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की चिकटत नाही. माडाच्या कोंब कुजव्यासाठी मात्र दाट लेप लागतो: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात वेगळे करून मिसळायचे. कुजलेला भाग खरवडून तो लावा. पाडेली (नारळ पाडणारा) माडावर चढलाच आहे तर तेवढं काम त्याच खेपेत करून घ्या.

फवारा व्हाळात (ओढ्यात) धुवू नका, तांब्याने मासे मरतात.