बाळाला ऑफिसात न्यायचंय? आधी खोली बघा

आमच्या टीममधला एक जण पुढच्या आठवड्यात पोराला ऑफिसात घेऊन येतोय, बायकोसकट, आणि काल खाली टपरीवर चहा पिताना त्यानं विचारलं की काय काय न्यायला लागतं. त्याला वाटलं मी डायपर, दुपटं, वाइप्स असं काहीतरी सांगीन. मी म्हटलं खोली. तो म्हणे कुठली खोली? बास, इथंच सगळं अडतं. मीही मुलीला घेऊन गेलो तेव्हा असाच कोरा होतो, म्हणून त्याला जे सांगितलं तेच लिहून टाकतोय. मुख्यतः बापांसाठी आहे. ऑफिस आपलं, हौस आपली, आणि हाल होतात बायकोचे.

आधी कधी न्यायचं ते. सव्वा महिना झाला, इंदूरच्या खजराण्याला गणपतीच्या पायावर घालून आणलं, म्हणजे ऑफिसचाही रस्ता मोकळा झाला असं नसतं. सरकारी वेळापत्रकात 6, 10 आणि 14 आठवड्यांना डोस असतात, त्यातल्या पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीत, डांग्या खोकल्याची लस असते. मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर तो बरेचदा नुसता रेंगाळलेला खोकला समजून ऑफिसला येतच राहतो, पण तान्ह्या बाळाचा त्यानं श्वास अडकू शकतो. आम्ही 14 आठवड्यांचे डोस होईपर्यंत थांबलो. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल तर विचारल्याशिवाय हलू नका. आणि डोस दिल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी नाही, अंग गरम असतं, मांडी दुखत असते, पोर किरकिरं असतं, चार दिवस जाऊ द्या. गोवरची लस तर 9 महिने झाल्यावरच मिळते, त्यामुळे टीममध्ये कुणाच्या घरी गोवर निघालाय असं कळलं तर सरळ कॅन्सल, भिडेला पडू नका.

मे महिना नको, 42-43 डिग्रीत इंदूरची दुपार मोठ्यांनाच झेपत नाही. रंगपंचमीच्या आगेमागे नको, गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, अर्धं ऑफिस सुट्टीवर आणि उरलेल्यांच्या कानात अजून गुलाल. महिनाअखेर नको, रिलीजचा दिवस नको, सोमवार नको. वेळ अकरा ते बारा, सकाळची मीटिंग आटोपलेली असते आणि डबे उघडायचे असतात.

आता खोली. तीन-चार महिन्यांचं बाळ दर दोन-तीन तासांनी पितं हे पुस्तकातलं झालं, नव्या जागी वीस अनोळखी तोंडं एकदम वाकली की ते अर्ध्या तासात परत मागतं, भूक असो नसो, त्याला आईजवळ जायचं असतं. त्या क्षणी ती कुठं बसणार? हे आधी ठरवा. घरून निघायच्या आधी नाही, दोन दिवस आधी. कॉन्फरन्स रूम आहे की, असं म्हणू नका. आमच्याकडेही आहे, चारी बाजूंनी काचेची, मधोमध एक पांढरी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीच्या वरूनही दिसतं न् खालूनही. दाराला कडी नाही, कारण कॉन्फरन्स रूमला कडी कोण लावतं. खुर्च्या चाकाच्या, बाळाला धरून टेकायला गेलं की मागे सरकतात. डोक्यावर बरोब्बर एसीचा झोत. आणि हे सगळं चालवून घेतलं असतं, पण साडेअकराला तिथं क्लायंटचा कॉल लागलेला होता. लहान खोली एक होती तिला कुलूप, किल्ली अ‍ॅडमिनवाल्या भियांकडे (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) आणि भिया त्या दिवशी उज्जैनला. मग काय, पोर रडतंय, मी या मजल्यावरून त्या मजल्यावर, लोक आपापल्या परीनं सुचवतायत, कुणी म्हणे लेडीज वॉशरूम. वॉशरूममध्ये कुणी जेवतं का हो? शेवटी ती स्वतःच लिफ्टनं खाली गेली आणि बेसमेंटमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाजलं, उकडतंय म्हणून मी इंजिन चालू करून एसी लावला. हे तर अजिबात करू नका, बंद बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवली की धूर तिथंच साठतो, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. मला हे नंतर कुणीतरी सांगितलं तेव्हा हातपाय गार पडले.

म्हणून खोलीचं असं करायचं. दोन दिवस आधी स्वतः जाऊन खोली बघायची, फोनवर विचारून नाही, बघून. दार आतून लागतं का ते लावून बघायचं. काच असेल तर जुने पेपर किंवा चार्टपेपर टेपनं लावायचा, खाली जमिनीपर्यंत. बिनचाकाची, पाठीला टेकू असलेली एक खुर्ची उचलून ठेवायची, पायाखाली काहीतरी, कागदाचं खोकं चालतं. एसीचा झोत बंद होत नसेल तर खुर्ची कोपऱ्यात घ्यायची. बुकिंग सिस्टिममध्ये दोन तासांचं बुकिंग टाकायचं आणि किल्ली आदल्या संध्याकाळी आपल्या खिशात. अ‍ॅडमिनच्या ड्रॉवरमध्ये नाही, आपल्या खिशात. पाळणाघर असेल तर उत्तमच. 2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी असं आलंय, पण तुमच्या ऑफिसचं पाळणाघर प्रत्यक्षात कुठल्या मजल्यावर आहे, पाहुण्यांना उघडतात का आणि तिथं आता जुने प्रिंटर ठेवलेत का, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. ते आपण बघायचं. आणि खोली नाहीच मिळाली तर? तर न्यायचं नाही. टीमला घरी बोलवा, पोहे-जिलबी खाऊ घाला, विषय संपला.

बाटलीत दूध काढून नेऊ, खोली कशाला, असं एक डोकं चालतं. नाही चालत. ज्या बाळानं कधी बाटली घेतली नाही ते पहिल्यांदा ऑफिसच्या गोंगाटात घेईल ही आशाच सोडा. काढलेलं दूध साधारण 25 डिग्रीपर्यंत चार तास टिकतं असं सांगतात, आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीतला हिशोब वेगळा. शिवाय इकडे बाळ रडलं की तिकडे आईला पान्हा फुटतो, तो बाटलीनं थांबत नाही. तिला बसायला जागा लागतेच. म्हणजे खोलीच.

यावरून आठवलं, पिशवीत बाळाचे तीन जोड भरतात आणि आईचा एकही नाही. तिचा एक कुर्ता टाका, गडद रंगाचा, आणि मोठी ओढणी. बाकी डायपर, वाइप्स, झबली, ओले कपडे ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी, हे तुम्हाला माहितेय. टोपी आणि पातळ दुपटं मात्र उन्हाळा असला तरी घ्या, आयटीवाल्यांचा एसी असा असतो की जूनमध्येही मुली शाली घेऊन बसतात. काजळाची तीट आजी लावतेच, लावू द्या, कानामागे, डोळ्यात नाही.

जायचं कसं, तर गाडीनं, कारसीट असेल तर उत्तम. अ‍ॅक्टिवावर मध्ये धरून नाही. 2022 च्या नियमात 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलांना दुचाकीवर पट्टा आणि हेल्मेट सांगितलंय, वेग 40 च्या आत. त्याहून लहान बाळाच्या डोक्याचं हेल्मेटच नाही तर दुचाकीवर त्याचं काम काय. सुदामानगरातल्या घरून सुपर कॉरिडॉरच्या आयटी ऑफिसपर्यंत म्हणजे वाटेत एकदा तरी बाळ उठणार हे धरून निघा. आणि गेट. मोठ्या कॅम्पसमध्ये बायकोचा व्हिजिटर पास आदल्या दिवशी काढून ठेवा, तिचं ओळखपत्र बरोबर घ्या, नाहीतर तुम्ही कार्ड लावून आत आणि ती बाळाला घेऊन सिक्युरिटीच्या केबिनपाशी उन्हात, फोटो काढायची रांग, लॅपटॉप आहे का, पेनड्राइव्ह आहे का. पिशवी उघडून प्रत्येक लंगोट बघतात काही काही ठिकाणी. पास काढायला जाल तेव्हा खोलीचं परत एकदा विचारून घ्या.

माणसांचं. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाका की उद्या अमुक वेळेला येतोय, सर्दी-खोकला असेल त्यांनी लांबून बघा, वाईट वाटून घेऊ नका. तोंडावर सांगायला जड जातं, मेसेजमध्ये सोपं पडतं. या मेसेजचा आणखी एक उपयोग आहे जो कुणी बोलत नाही. टीममध्ये एखादी असते जिचं मूल राहिलं नाही, किंवा कुणी जोडपं वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे खेटे घालतंय. त्यांना आधी कळलं तर ते त्या वेळेला खाली चहाला जाऊ शकतात, कुणाला काही सांगावं लागत नाही. बाळ घेऊन प्रत्येक टेबलापाशी फिरू नका, एका जागी बसा, ज्याला यायचं तो येईल. आणि कुणाच्या मांडीत न विचारता ठेवायचं नाही, आता तुझा नंबर कधी हे तर नाहीच नाही.

हात धुवून घ्यायचे, साबणानं. सॅनिटायझरची बाटली टेबलावर ठेवा म्हणजे निदान लाज वाटून लोक वापरतात. पापी नाही, कुणाचीच नाही, मॅनेजरची पण नाही. ओठावर पुटकुळ्या येतात, ज्याला ‘जर उठलाय’ म्हणतो आपण, त्याचा विषाणू तान्ह्या बाळाला जिवावर बेतू शकतो. चाटवणं नाही. हा इंदूरचा खास त्रास आहे, इथं माणूस प्रेमात आला की खायला घालतो, बोट पाकात बुडवून लहान तोंडापाशी आणणारा एक तरी भिया भेटतोच, अरे कुछ नहीं होता, हमारे यहाँ तो सब चटाते हैं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षभर नाही. हसून बोट बाजूला करा पण करा. मुठीत नोट देतील, ती बाळ थेट तोंडात घालतं, म्हणून पाऊच घेऊन जा आणि नोट त्यात टाकत राहा.

मिठाई न्यायलाच लागते. मुलगा म्हणून पेढे न् मुलगी म्हणून बर्फी हा हिशोब आता नको, आणि मावा उष्णतेनं खराब होतो त्यामुळे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून सकाळीच घ्या, रात्री घेऊन गाडीत विसरू नका. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या ताईंसाठी वेगळा डबा, वरच्या मजल्यावरून उरलेलं त्यांच्याकडे पाठवायचं नाही.

आता बायको. तिला यायचंय का हे विचारलंत का? मी नव्हतं विचारलं, गृहीत धरलं. तिच्यासाठी हे तुमचं ऑफिस आहे, तिचं नाही, तिथं ती एकालाही धड ओळखत नाही, आणि नुकती बाळंतीण. तिची ओळख तिच्या नावानं करून द्या, ही मुलीची आई एवढंच नको. ती पाजायला खोलीत गेली की दाराबाहेर तुम्ही उभं राहायचं, लोकांत मिरवत बसायचं नाही, कारण कडी असली तरी कुणीतरी दार ढकलतंच. सिस्टिमवर बुकिंग असलं तरी कुणीतरी लॅपटॉप घेऊन येतोच की भाई दो मिनट का कॉल है. त्याला तिथंच परत पाठवायचं. मेल बघायला तर अजिबात बसू नका, तुम्ही त्या दिवशी सुट्टीवर आहात. तशी आपल्याला सुट्टी किती मिळते म्हणा, आईला 26 आठवडे कायद्यानं, केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवस, आणि प्रायव्हेटमध्ये कंपनीच्या मनावर.

फोटो: फ्लॅश बंद, आणि लिंक्डइनवर टाकायच्या आधी विचारा असं सांगून ठेवा. बायकोलाही विचारा.

तास झाला की निघा. डोळे चोळायला लागलं, मान फिरवायला लागलं की तास झालेला नसला तरी निघा, थांब गं सर येतायत म्हणून थांबवू नका, सर नंतर बघतील. निघताना खोलीतले पेपर काढा, खुर्ची जागच्या जागी, किल्ली परत.

घरी आल्यावर आपले कपडे बदला, हातपाय धुवा, बाळाचं अंग पुसा. संध्याकाळी रडारड होणारच. दुसऱ्या दिवशी कुठलाही कार्यक्रम नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप आला तर घरच्या घरी डोस नाही, डॉक्टर, तेव्हाच. त्याहून मोठं असेल तर सुस्ती, दूध न घेणं याकडे लक्ष ठेवा.

आणि हो, ऑफिसला जाताच आहात तर बाळाचं नाव ग्रुप मेडिक्लेममध्ये घालायचा फॉर्म त्याच फेरीत एचआरकडे द्या, जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स लागते, त्याला मुदत असते आणि ती नंतर कुणी वाढवून देत नाही.